टायर काळे राहावेत, पण रबराचं नुकसान नको: आधी धुणं, मग पॉलिश

तुमचा प्रश्न असा: वॉशिंग सेंटरवर लावलेली चकाकी दोन-तीन दिवसांत जाते, मग टायर आधीपेक्षा जास्त तपकिरी दिसतात. घरी डिझेल किंवा रॉकेल पुसून काम भागेल का, की रबर खराब होईल?

डिझेल, रॉकेल, जुनं इंजिन ऑइल यांपैकी काहीही लावू नका. कारच्या टायरमधलं नैसर्गिक आणि कृत्रिम रबर पेट्रोलियम तेल शोषतं, फुगतं आणि मऊ पडतं. पहिल्या दिवशी टायर गडद दिसतो तो त्यामुळेच. पुढे पातळ भाग उडून जातो आणि जाताना रबराला लवचिक ठेवणारी तेलं आणि मेणही बाहेर ओढून नेतो. असं महिनोन्महिने चाललं की पृष्ठभाग कोरडा पडतो आणि बारीक भेगा दिसायला लागतात. पुष्कळ ठिकाणी पंपाने फवारतात ते 'टायर पॉलिश' म्हणजे सिलिकॉन आणि पेट्रोलियम सॉल्व्हंट (रॉकेलसारखा पातळ, उडून जाणारा द्रव) यांचंच मिश्रण असतं, त्यामुळे दर धुलाईला ते मारून घेण्यात शहाणपणा नाही.

तपकिरी रंगाचं कारण टायरच्या आतच आहे. टायरचा काळा रंग कार्बन ब्लॅकचा. तो रबराला बळकटी देतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासूनही वाचवतो. हवेतला ओझोन रबर चिरतो म्हणून कंपन्या त्यात ६पीपीडीसारखी रसायनं आणि मेण घालतात. टायर फिरताना दबतो, वाकतो, तशी ही द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि ओझोनशी स्वतः प्रक्रिया करून रबराला वाचवतात. प्रक्रिया होऊन गेलेला हा थरच तपकिरी दिसतो. म्हणजे टायर आपलं काम करतोय. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टायरला लवकर भेगा पडतात त्याचं एक मोठं कारण हेच: न फिरणाऱ्या टायरमध्ये हे संरक्षण वर येत राहत नाही. हा तपकिरी थर, धूळ आणि जुनं पॉलिश यांचा मिळून चिकट लेप होतो. त्यावर नवं पॉलिश टिकत नाही, तीच तुमची दोन दिवसांची चकाकी.

म्हणून मेहनत धुण्यात घाला. गाडी सावलीत, टायर हाताला थंड लागेपर्यंत थांबा. एका वेळी एकच चाक घ्या, नाहीतर साबण वाळतो आणि डाग राहतात. आधी पाण्याचा जोर मारून माती काढा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल किमान एक फूट लांब धरा. अगदी जवळून मारलेली धार साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, इजा करू शकते. मग ऑल-पर्पज क्लीनर १ भाग आणि पाणी १० भाग असं मिश्रण फवारा, एका टायरला साधारण ५० ते ७० मिली पुरतं. अर्धा-एक मिनिट थांबून ताठ नायलॉनच्या ब्रशने गोलाकार घासा. तारेचा ब्रश वापरायचा नाही. अक्षरांच्या कडा आणि रिमला लागून असलेली खाच यांत मळ सगळ्यात जास्त दडतो. फेस तपकिरी येईल; धुऊन टाका आणि पुन्हा करा. फेस पांढरा यायला लागला की टायर स्वच्छ झाला. सेंटरवरच्या पॉलिशचे बरेच थर असतील तर पहिल्या वेळी तीन-चार फेऱ्या लागतात, नंतर एकच पुरते. क्लीनर नसेल तर भांड्यांचं लिक्विड चालतं, फक्त घासावं जास्त लागतं. अलॉय व्हील साफ करायचं आम्ल असलेलं द्रावण मात्र टायरवर वापरू नका. आणि तेज क्लीनरने दर आठवड्याला रगडूही नका, कारण वर आलेलं मेण त्यातही निघून जातं. महिन्यातून एकदा हे पुरे, मधल्या धुलाईला गाडीचा शॅम्पू बस.

नवे टायर असतील तरी पहिल्यांदा हेच करा. साच्यातून सहज सुटावेत म्हणून कारखान्यात लावलेल्या द्रव्याचा अंश त्यांच्यावर राहतो आणि पॉलिश त्यावर नीट बसत नाही.

आता टायर पूर्ण वाळू द्या, निदान अर्धा तास. ओल्या टायरवर ड्रेसिंग, म्हणजे टायरचं पॉलिश, मारलं तर पट्टे उठतात. ड्रेसिंग वॉटर-बेस्ड घ्या: सिलिकॉनचं पाण्यात केलेलं दुधाळ पांढरं द्रावण. सिलिकॉन स्वतः रबराला अपायकारक नाही, त्रास त्याच्यासोबतच्या सॉल्व्हंटचा. बाटलीवर ज्वलनशील असल्याची सूचना किंवा उघडताच रॉकेल-पेट्रोलचा वास असेल तर परत ठेवा. शंका असेल तर ग्लासभर पाण्यात चार थेंब टाका: वॉटर-बेस्ड पाण्यात मिसळून पाणी दुधाळ करतं, सॉल्व्हंटचं वर तवंग धरतं.

ड्रेसिंग थेट टायरवर फवारू नका. स्पंजवर घ्या, १० ते १५ मिलीत एक साइडवॉल होते. पातळ पसरवा, १५-२० मिनिटं मुरू द्या, मग जुन्या मायक्रोफायबरने उरलेलं पुसून घ्या. पुसण्याची ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि गाडी पळाली की चाकामागच्या दारावर, बंपरवर काळपट थेंबांची रांग उठते. हे सिलिकॉन पत्र्यावर राहिलं तर पुढे डेंटिंग-पेंटिंग करताना रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. जास्त गडद हवं असेल तर तासाभराने दुसरा पातळ हात द्या, एकच जाड हात नको. शक्य असेल तर संध्याकाळी लावून गाडी रात्रभर उभी ठेवा.

ओल्यासारखी चमक मला स्वतःला आवडत नाही. धूळही तिच्यावरच जास्त बसते. चांगला टायर गडद आणि किंचित साटिनसारखा दिसतो. कोरड्या दिवसांत हा परिणाम दोन-तीन आठवडे राहतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या लाल मातीत, पॉलिशवर खर्च करू नका, फक्त धूत राहा.

स्वस्त उपाय म्हणून ग्लिसरीन १ भाग आणि पाणी ३ भाग चालतं. रबराला त्रास नाही, पण ते पाण्यात विरघळतं म्हणून पहिल्या सरीत जातं, आणि ओलावा धरत असल्याने धूळ ओढतं. एखाद्या कार्यक्रमापुरतं ठीक. खोबरेल तेल, बूटपॉलिश, काळा रंग हे तिन्ही टाळा. रंगाचा थर वाकणाऱ्या साइडवॉलवर तडकतो आणि खालच्या भेगा लपवतो.

रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर आणि ब्रेकच्या डिस्कवर ड्रेसिंगचा थेंबही जाऊ देऊ नका, पकड आणि ब्रेक दोन्ही कमी होतात. मोटारसायकल-स्कूटरच्या टायरला तर लावूच नका. वळताना ती कडेवर झुकते आणि तीच कड निसरडी झालेली असते.

टायर धुऊन कोरडे झाले की पॉलिशआधी साइडवॉल नीट बघून घ्या. अगदी वरवरच्या केसाएवढ्या भेगांवर लक्ष ठेवलं तरी चालतं. नख अडकेल इतकी खोल भेग, फुगवटा किंवा आतले धागे दिसले तर टायर बदलायचा, कोणतंही ड्रेसिंग ते भरून काढत नाही. डीओटी या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार अंकही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. हे चार अंक बहुतेकदा एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूने, मोबाइलचा टॉर्च धरून बघा.