एअरलाइन पायलटचं आयुष्य बाहेरून दिसतं तितकं ऐटीचं असतं का?

गणवेशाची ऐट खरी, पण पहाटे साडेपाचच्या विमानासाठी अडीचला उठणाऱ्याला ती फारशी जाणवत नाही. विमानतळावर पोचलं की आधी कॅमेऱ्यासमोर नळीत फुंकर मारून दारूची तपासणी. एक थेंबही न घेणाऱ्याची सुटका नाही. मग हवामान, इंधन, विमानातल्या नोंदवलेल्या बिघाडांची यादी. नागपूरला मे महिन्यात उतरलात तर मधल्या अर्ध्या तासात दोघा पायलटांपैकी एकाने भर उन्हात विमानाभोवती फिरून टायर, इंजिनाची पाती बघायची, आणि परत येऊन गार डबा उघडायचा.

‘ऑटोपायलट सगळं करतो’ म्हणणाऱ्यांनी जुलैत मुंबईला उतरून बघावं. धावपट्टी दिसली नाही तर मुकाट्याने पुन्हा वर जायचं, आणि मागचे प्रवासी वैतागणार ते वेगळंच.

डीजीसीएच्या, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या नियमाने वर्षाला जास्तीत जास्त १,००० तास उडता येतं. ऐकायला कमी वाटतं, कारण यात विमानतळावर ताटकळणं धरलेलं नाही. आठवड्याची सलग सुट्टी २०२५ मध्ये ३६ वरून ४८ तासांवर नेली, तीही थकव्याच्या तक्रारींनंतरच.

पगार उत्तमच, यात वाद नाही. पण २०० तासांचं उड्डाण करून परवाना, पुढे टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवण्याचं वेगळं प्रशिक्षण, यात पन्नास लाख सहज उडतात. गोंदिया किंवा बारामतीला शिकलात तरी. शिवाय दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये परीक्षा आणि ठरावीक काळाने मेडिकल. त्यात अडकलात तर उड्डाण बंद. कर्ज काढणार असाल तर आधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटसाठी लागणारी वैद्यकीय तपासणी, करून घ्या.