'शॉर्ट फ्यूज' आणि 'ब्लो अ फ्यूज' यांतला फ्यूज एकच का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीच्या क्लासमध्ये 'शॉर्ट फ्यूज' (म्हणजे चटकन भडकणारा स्वभाव) हे शॉर्ट सर्किटवरून आलं असं शिकवतात, ते खरं का. नाही. इंदुरात गल्लोगल्ली क्लास आहेत, पण किटकॅट, म्हणजे घरातल्या फ्यूजची तार बसवायचा चिनी मातीचा होल्डर, उघडून पाहिलेले मास्तर कमी.

'शॉर्ट फ्यूज'मधला फ्यूज म्हणजे सुरुंगाची वात. विल्यम बिकफर्डने 1831 साली कॉर्नवॉलमधल्या खाणींसाठी सुरक्षित वात काढली: तागाच्या सुतात काळी दारू आणि वरून डांबर. ती फुटाला साधारण 30 सेकंद जळते. तीन फूट वात म्हणजे लांब पळायला दीड मिनिट. वीतभर असेल तर वीस-बावीस सेकंद. तापट माणसापाशी हाच अवधी तोकडा असतो. म्हणून हे स्वभावाचं वर्णन आहे आणि त्याला 'हॅव' हे क्रियापद लागतं.

'ब्लो अ फ्यूज' मात्र विजेचं. भार वाढला, तार वितळली. म्हणजे माणूस त्या वेळेपुरता भडकला. एरवी शांत असणाराही फ्यूज उडवू शकतो. आपल्या बोलण्यातलं 'फ्यूज उडाला' इथे लावू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ डोकं बंद पडलं, गांगरला असा होतो. इंग्रजीत तो माणूस ओरडत असतो. 'बल्ब फ्यूज झाला' हेही आपल्याकडचंच. बल्बात तुटते ती फिलामेंट, फ्यूज मीटरजवळ शाबूत असतो.

खरी गंमत अशी की वात जळते ती स्फोट घडवायला, आणि तार जळते ती आग टाळायला. हे न कळणारेच 'सारखा उडतो, जाड तार टाका' म्हणतात. आमच्या नात्यातले एक काका अजून म्हणतात, म्हणून हिशेबच मांडतो. 5 अँपिअरला कलई केलेली तांब्याची तार 0.20 मिमीची, 15 ला 0.50 ची. जाडी अडीचपट, पण वितळायला लागणारा प्रवाह जवळजवळ चौपट: पहिली 7 अँपिअरच्या आसपास जाते, दुसरी 28 च्या. लाइटच्या सर्किटची 1 चौरस मिमी वायर तेवढा प्रवाह सोसत नाही. तिचं पीव्हीसी आवरण 70 अंशांपर्यंतचंच, त्यापुढे ते मऊ पडतं, आणि किटकॅटमधली तार शाबूत राहून भिंतीतली वायर जळते. दोन-तीन तारा पिळून टाकल्या तरी तेच. महाराणी रोडवरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात अँपिअर सांगून तार मागा, आधी मेन बंद करा, स्क्रू आवळताना तार ताणू नका. ताणलेली तार बारीक होऊन उगाच उडते. नवी तारही लगेच उडाली तर भार किंवा शॉर्ट शोधा.

हं, परीक्षेसाठी एवढं: 'लाइट द फ्यूज' म्हणजे भांडणाची सुरुवात करून देणं, तीही वातच. आणि अमेरिकन लष्करी लिखाणात बॉम्बमधला स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेलाही फ्यूजच म्हणतात, पण स्पेलिंग 'एस'ऐवजी 'झेड'ने करतात, त्याला चूक समजू नका.