बर्फातले बुडबुडे आणि न्यूट्रिनोचा माग

प्रश्न : दक्षिण ध्रुवावरची न्यूट्रिनो टिपणारी 'आइसक्यूब' वेधशाळा उभारणारे फ्रान्सिस हॅल्झन यांच्याबद्दल वाचलं. त्यांच्या आधीच्या 'अमांडा' प्रयोगातले पहिले सेन्सर निकामी ठरले, ते कशामुळे?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : सेन्सर चांगले होते, खोली चुकली होती. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, बहुतेक पदार्थांतून आरपार जाणारा सूक्ष्म कण. तो क्वचितच बर्फातल्या अणुकेंद्रावर आदळतो. त्यातून निघालेला म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) बर्फातल्या प्रकाशाहून वेगाने धावतो आणि वाटेत निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाश पडतो. कोणत्या सेन्सरला तो किती नॅनोसेकंद आधी दिसला, यावरून दिशा काढतात. 1993-94 मध्ये सेन्सर 800 ते 1000 मीटरवर सोडले. तिथे बर्फात हवेचे बुडबुडे होते. प्रकाश त्यांच्यावर आपटत, दिशा बदलत उशिरा पोहोचायचा, त्यामुळे वेळेचं गणितच कोलमडलं. पण बर्फ प्रकाश फारच कमी शोषतो, हेही तेव्हाच कळलं. माझ्या मते पुढचा सगळा डोलारा या मोजमापावर उभा आहे. सुमारे 1400 मीटरखाली दाबामुळे हवा बर्फाच्या स्फटिकांतच सामावते आणि बुडबुडे उरत नाहीत. म्हणून आइसक्यूबचे 5160 सेन्सर 1450 ते 2450 मीटरवर आहेत: 86 केबल, प्रत्येकीवर 60. गरम पाण्याने पाडलेली विवरं पुन्हा गोठली, की बिघडलेला सेन्सर बाहेर काढता येत नाही.

प्रश्न : एम.एस्सी. करतोय. या विषयात यायचं तर सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : डेटापासून करा. उपकरणं हाताळली नसली तरी अडत नाही; हॅल्झनही मुळात सिद्धांतकारच. आइसक्यूबचा 2008 ते 2018 चा डेटा खुला आहे. प्रत्येक नोंदीत वेळ, दिशा, दिशेतली अनिश्चितता आणि ऊर्जा मिळते. पायथनमध्ये टीएक्सएस 0506+056 या ब्लेझारभोवतीच्या (ज्या दीर्घिकेच्या केंद्रातला झोत आपल्या दिशेने येतो, तिच्याभोवतीच्या) नोंदी काढा. 22 सप्टेंबर 2017 च्या न्यूट्रिनोमुळे तो गाजला. पार्श्वभूमीचा, म्हणजे स्रोत नसतानाही येणाऱ्या नोंदींचा, अंदाज काढायला नोंदींचे विषुवांश (आकाशातले पूर्व-पश्चिम स्थान) यादृच्छिकपणे बदला, क्रांती (उत्तर-दक्षिण स्थान) तशीच ठेवा. उपकरण ध्रुवावर असल्याने पृथ्वीबरोबर ते स्वतःभोवती फिरतं आणि पार्श्वभूमी जवळजवळ क्रांतीवरच ठरते. नवखे दोन ठिकाणी हमखास अडकतात. एक, दिलेली ऊर्जा म्युऑनची असते, न्यूट्रिनोची त्याहून बरीच जास्त असू शकते. दुसरं, आकाशात शंभर जागा धुंडाळून सर्वांत ठळक दिसलेली तेवढीच सांगितली, तर निव्वळ योगायोगही शोध वाटतो. किती जागा पाहिल्या, ते हिशेबात धरायलाच हवं.