समुद्राच्या बाजूची खिडकी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला. "दहा दिवस सुट्टी आहे, पण गाडी चालवता येत नाही, त्यामुळे लॉस एंजेलिसमध्येच लोळत पडणार." एवढंच लिहिलंस आणि खाली एक रडका चेहरा चिकटवलास. मी त्या शहरात सहा वर्षं नोकरी केली आणि एकदाही स्टिअरिंगला हात लावला नाही. पहिलं वर्ष मीही असंच कुढत काढलं. गाडीवाल्यांच्या मागे लागायचं, ते निघतील तेव्हा निघायचं, त्यांना भूक लागली की आपलीही भूक जाहीर करायची. सगळा किनारा मागच्या सीटवरून, पुढच्या दोन डोक्यांच्या फटीतून पाहिला. मग एका शनिवारी वैतागून एकटीच युनियन स्टेशनला गेले आणि सँटा बार्बराचं तिकीट काढलं. त्यानंतर कोणाच्या मागे लागले नाही.

तुझी चूक एकच आहे. तू नकाशा गाडीवाल्यांसारखा वाचतेस. ते आधी ठिकाणं शोधतात, मग रस्ता. तू आधी रुळांची रेघ शोध. दक्षिणेच्या सॅन डिएगोपासून उत्तरेच्या सॅन लुइस ओबिस्पोपर्यंत ३५१ मैल, म्हणजे साधारण ५६५ किलोमीटर, ॲमट्रॅक या अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेची पॅसिफिक सर्फलायनर धावते. त्या रेघेवरच्या स्टेशनातून चालत गाठता येईल तो किनारा तुझा. दोन-तीन मैल आत किंवा बाजूला असेल तर ॲपवरची कॅब कर. त्याहून लांब असेल तर ते ठिकाण या खेपेला सोडून दे. लांबचा पल्ला रेल्वेने, शेवटचा तुकडा कॅबने. हे उलटं करायला गेलीस तर पैसे संपतील आणि दिवस फ्रीवेवर जाईल.

आता जागेचं सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. डबे बहुतेक दुमजली असतात, वर जाऊन बस. लॉस एंजेलिसहून उत्तरेला निघालीस तर समुद्र डाव्या हाताला, दक्षिणेला निघालीस तर उजव्या. इथवर कोणीही सांगेल. पण उद्या सॅन डिएगोहून थेट सँटा बार्बराला जायचं झालं तर लक्षात ठेव, लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनात रूळ संपतात. गाडी आत जाते आणि आली त्याच तोंडाने परत बाहेर पडते. आपल्याकडे दौंडला काही गाड्यांचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे ना, तसाच प्रकार, फक्त इथे इंजिन न हलवताच गाडी उलटी निघते. म्हणजे सकाळपासून समुद्राकडे बसलेली तू तिथून पुढे डोंगराकडे तोंड करून बसशील, तेही पाठमोरी. स्टेशनात गाडी थांबली की लोक उतरतात, तेवढ्यात पलीकडची खिडकी पकड.

उत्तरेचा मार्ग मला जास्त प्रिय आहे, त्यामुळे मी थोडा पक्षपात करणार. व्हेंचुरा सोडलं की रूळ पाण्याला येऊन भिडतात. तिथून सँटा बार्बरापर्यंत १०१ नंबरचा हायवे बराचसा रुळांच्या सोबतीनेच असतो, म्हणजे गाडीवाल्यांनाही तोच समुद्र दिसतो, फक्त त्यांना ब्रेककडे बघावं लागतं. सँटा बार्बराचं स्टेशन १९०२ चं आहे आणि समुद्रापासून पाचेक मिनिटांवर. शेजारी अंजिराच्या जातीचं एक अवाढव्य झाड आहे, १८७० च्या दशकात लावलेलं. वडाच्या पारावर वाढलेल्या माणसाला त्याच्याखाली बरं वाटतं. तिथून १८७२ चा स्टर्न्स धक्का चालत, गावातला मुख्य रस्ता चालत, कोर्टाच्या इमारतीचा मनोराही चालतच, आणि वर जायला पैसे पडत नाहीत. वरून लाल कौलांचं गाव दिसतं. १९२५ च्या भूकंपात बरंच काही पडलं आणि मग ठरवून स्पॅनिश धाटणीत पुन्हा बांधलं, म्हणून ते असं एकसारखं आहे. अख्ख्या दिवसात तुला कॅबची गरज पडणार नाही.

पण खरी गोष्ट सँटा बार्बराच्या पुढे आहे. गव्हियोटाला पोचलं की १०१ हायवे समुद्राला पाठ दाखवून डोंगरात शिरतो. रूळ मात्र किनारा सोडत नाहीत. तिथून पुढे खासगी कुरणं आहेत, मग पॉइंट कन्सेप्शनचं टोक, जिथे पूर्व-पश्चिम धावणारा किनारा काटकोनात वळून उत्तरेला लागतो, आणि त्यानंतर व्हँडेनबर्गचा अंतराळ तळ. या पट्ट्यातल्या बहुतेक किनाऱ्याला सार्वजनिक रस्ताच नाही. हजारो डॉलरची गाडी असू दे, तिथे चाक लागत नाही. रेल्वे उंच पुलांवरून घळी ओलांडते, खाली ओढा समुद्राला मिळत असतो आणि वाळूवर एकही पाऊल नसतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पलीकडच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ होते, जन्मभर कॅलिफोर्नियात गाडी चालवलेले. त्यांनी हा तुकडा सत्तरीत पहिल्यांदा पाहिला. खिडकीला कपाळ टेकवून बसले होते आणि काचेवर त्यांच्या श्वासाचा गोल उमटत होता, बाहीने पुसायचे, पुन्हा उमटायचा. पुढे रॉकेटचे लाँचपॅड दिसायला लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच ते तिथे नेऊन ठेवले होते.

या भागात धावणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्याच, म्हणून लॉस एंजेलिसहून एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नकोस, सँटा बार्बराला किंवा सॅन लुइस ओबिस्पोला रात्र काढ. सिअ‍ॅटलला जाणारी कोस्ट स्टारलाइटही याच मार्गाने जाते, तिच्यात मोठ्या काचांचा बसायचा डबा असतो. आणि वाटेत लॉम्पोक-सर्फ नावाचं स्टेशन लागेल. पुळणीवरच फलाट, समोर लाटा, आजूबाजूला काही नाही. मोह होईल. उतरू नकोस. गाव कित्येक मैल आत आहे, कॅब मिळण्याचा भरवसा नाही आणि पुढची गाडी कधी येईल ते बघायला फक्त समुद्रपक्षी.

कॅबबद्दल माझा एक फजितीचा किस्सा आहे, तो ऐकच. मालिबूच्या पुढे एल मॅटाडोर नावाचा किनारा आहे, कड्याखाली, मोठमोठ्या खडकांचा. रेल्वे तिकडे जात नाही. मी सँटा मोनिकाहून कॅब केली, मजेत पोचले, सूर्यास्त पाहिला. पायऱ्या चढून वर आले तर फोनला रेंजचा एक दांडा, बॅटरी नऊ टक्के, आणि ॲपवर चक्र फिरतंय. जाताना गाडी मिळते, कारण तू शहरात उभी असतेस. परतताना तू हायवेच्या कडेला असतेस आणि वीस मैलांवरच्या ड्रायव्हरला तिथे यायचं काही कारण नसतं. शेवटी अंधारात, फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने, दीडेक मैल चालत दुकानांपाशी आले तेव्हा गाडी मिळाली. तळपायाला फोड आले ते वेगळंच. त्यामुळे एकटवाण्या ठिकाणी जायचंच असेल तर कॅबने जायच्या आधी परतीचं काय ते ठरव. जवळपास बस आहे का, दुकान आहे का, उजेड असेतो निघता येतं का. सूर्यास्तानंतरची पंधरा मिनिटं सगळेच बटण दाबतात आणि भाडं फुगतं. अर्धा तास आधी निघ किंवा तासभर थांब, मधे नको.

बाकी साध्या गोष्टी. नंबरप्लेट वाचल्याशिवाय बसू नकोस, ड्रायव्हरला तुझं नाव सांगू नकोस, कोणासाठी आलास ते त्याला विचार. कॅब कुठे यावी त्याची नकाशावरची पिन स्टेशनच्या दाराशी नाही, पार्किंगच्या कोपऱ्यावर टाक, फोनाफोनी वाचते. भाव करायची सोय नाही, त्याचं दुःख तुला होईल, मला अजून होतं.

दक्षिणेकडे जाशील तेव्हा आदल्या रात्री ॲमट्रॅकचं ॲप बघ. सॅन क्लेमेंटीच्या भागात हा मार्ग १८८० च्या दशकात कड्याच्या पायथ्याशी, थेट वाळूच्या काठावर टाकला. आता एकीकडून समुद्र वाळू ओढून नेतो आणि दुसरीकडून कडा घसरतो. २०२१ पासून मार्ग कितीदा तरी बंद पडलाय. तेव्हा मधल्या टप्प्यात बसने नेतात, पण वेळ जातो आणि समुद्रही हुकतो. तसं असेल तर सरळ उत्तरेला जा, हट्ट कशाला. मार्ग चालू असेल तर सॅन हुआन कॅपिस्ट्रानोला उतर, स्पॅनिश धर्मप्रसारकांचं १७७६ चं मिशन स्टेशनपासून चालत आहे. सॅन क्लेमेंटीनंतर कॅम्प पेंडलटन हा मरीन सैनिकांचा तळ येतो. त्या मोठ्या पट्ट्यात इमारती फारशा नाहीत, तळ नसता तर सगळा किनारा बंगल्यांनी भरला असता.

ओशनसाइडला उतरून कोस्टर पकड. ही लोकल सॅन डिएगोपर्यंत ४१ मैल जाते आणि एन्सिनिटास, सोलाना बीच ही तिची स्टेशनं समुद्रापासून पायी अंतरावर आहेत. डेल मारला ती कड्याच्या अगदी काठावरून जाते, तिथे श्वास रोखायची पद्धत आहे. जुलैत सॅन डिएगोचा कॉमिक्सवाल्यांचा मेळा, कॉमिक-कॉन, आणि उन्हाळ्यात डेल मारच्या घोड्यांच्या शर्यती, या दिवसांत ही गाडी आपल्या विरार फास्टसारखी भरते. सॅन डिएगोच्या १९१५ च्या सँटा फे डेपो या स्टेशनातून धक्क्यावर चालत जा आणि समोरच्या कोरोनाडोची फेरीबोट घे, पंधरा मिनिटांची आहे. तिथल्या वाळूत अभ्रक आहे, उन्हात चमचमते.

सॅन डिएगोच्या ट्रॉलीची, म्हणजे तिथल्या ट्रामची, निळी लाइन सॅन इसिड्रोला संपते, तिथून मेक्सिकोची हद्द चार पावलांवर. बघायला म्हणून फिरत्या फाटकातून पलीकडे जाऊ नकोस. ते एकाच दिशेने फिरतं, आणि परत येताना तुला नव्याने अमेरिकेत प्रवेश घ्यावा लागतो. व्हिसाची कागदपत्रं खोलीवर ठेवून ही गंमत करू नये. आपल्या ओळखीतल्या एकाने केली होती, त्याच्या वडिलांना अजून माहीत नाही.

आणि उन्हाचं. सगळे म्हणतात तिथे कायम ऊन. मे-जूनमध्ये गेलीस तर दुपारपर्यंत राखाडी छत असतं. समुद्राचं पाणी थंड, त्यावरची हवा गार होऊन ढग धरते आणि वरच्या गरम हवेच्या झाकणाखाली अडकून बसते. तिथले लोक त्याला जून ग्लूम म्हणतात. दुपारी बहुतेकदा उघडतं. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात चांगले, तेव्हा पाणीही जरा कोमट असतं. जरा म्हणजे जराच, गणपतीपुळ्याची आठवण काढून उडी मारू नकोस. लाइफगार्डच्या बुरुजासमोरच उतर. एखाद्या बंगल्यासमोर कोणी हटकलंच तर घाबरू नकोस. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू कॅलिफोर्नियात सर्वांची असते.

पहिली खेप कार्पिंटेरियाची कर. लॉस एंजेलिसहून सव्वादोन तास, स्टेशनातून सरळ रस्त्याने काही मिनिटांत पुळण, कॅब लागत नाही, लाटाही सौम्य. १७६९ मध्ये स्पॅनिश लोक आले तेव्हा इथले चुमाश लोक फळ्यांची होडी बांधत होते, म्हणून स्पॅनिशांनी गावाला सुतारशाळेचं नाव दिलं. होडीच्या फटी बुजवायला चुमाश डांबर वापरायचे, आणि ते डांबर आजही किनाऱ्यावर जमिनीतून आपोआप पाझरतं. तुझ्या तळव्यांना काळे ठिपके चिकटतील, साबणाने ढिम्म हलणार नाहीत. आईने निघताना बॅगेत कोंबलेली खोबरेल तेलाची बाटली अजून फोडली नसशील, ती घेऊन जा.

तुझी,
मावशी