लिनक्सवर पेनड्राइव्ह अनमाउंट न करता ओढून काढला तरी डेटा खराब होऊ नये अशी काही सेटिंग आहे का?

धोका बराच कमी करता येतो, पूर्ण घालवता येत नाही, फॅट32 चा (फॅट32 म्हणजे ड्राइव्हवर फाइल्स मांडून ठेवायची एक पद्धत, म्हणजे फाइल सिस्टम) पेनड्राइव्ह असेल तर माउंट करताना, म्हणजे तो सिस्टमला जोडताना, 'फ्लश' ऑप्शन लावा, 'सिंक' नको. कारण कॉपी संपली असं स्क्रीनवर दिसतं तेव्हा डेटा बऱ्याचदा अजून रॅममध्येच पडलेला असतो, डीफॉल्ट सेटिंगला तो साधारण 30 सेकंद जुना झाला की मग कर्नल (लिनक्सचा गाभा) ड्राइव्हवर लिहायला घेतो, आणि तेवढ्यात ड्राइव्ह ओढला की फाइल अर्धवट. फ्लशमुळे हे लिहिणं लवकर उरकतं. सिंकने प्रत्येक राइट तिथल्या तिथे होतो खरा, पण स्पीड पार पडतो आणि फॅटचं टेबल (कोणती फाइल कुठे आहे याची यादी) पुन्हा पुन्हा लिहून फ्लॅश, म्हणजे पेनड्राइव्हची मेमरी चिप, झिजते, माउंटच्या मॅन्युअलमध्येच फ्लॅशचं आयुष्य कमी होण्याची वॉर्निंग दिलीय. पण लिहिणं चालू असतानाच काढलात तर यातलं काहीच वाचवणार नाही, फॅट आणि एक्सफॅट या फाइल सिस्टमना जर्नल (अर्धवट राहिलेले बदल सावरायला ठेवलेली नोंद) नसतं, त्यामुळे मोठी फाइल टाकली की टर्मिनलमध्ये सिंक कमांड द्या (ही वरच्या सिंक ऑप्शनपेक्षा वेगळी, रॅममध्ये उरलेला डेटा एकदाच लिहून टाकते), ती परत आली की मगच हात लावा, आणि शक्य असेल तेव्हा सरळ अनमाउंटच करा.

आधीच ओढून काढला असेल तर:
- जुना माउंट लटकलेला राहिला असेल तर यूमाउंट (अनमाउंट करायची कमांड) च्या लेझी ऑप्शनने सोडवा
- ड्राइव्ह परत लावल्यावर आधी फाइल सिस्टम चेक चालवा, मग माउंट करा