समोरासमोर धडक झाली म्हणून चूक निम्मी-निम्मी होत नाही

प्रश्न : माझे मिस्टर (वय ३८) आंब्याच्या पेट्या घेऊन स्वतःच्या टेम्पोने वाशीला निघाले होते. संगमेश्वरच्या अलीकडे महामार्गाचं काम चालू असल्याने एकाच बाजूने दुतर्फा वाहतूक सोडली होती. रात्री समोरून आलेल्या कंटेनरची धडक बसली आणि ते जागीच गेले. शेजारी बसलेल्या धाकट्या दिरांचा पाय मोडला. पोलिसांनी कंटेनरवाल्याच्या फिर्यादीवरून गुन्हा मिस्टरांवरच नोंदवला. आता कंटेनरच्या विमा कंपनीचा माणूस म्हणतो, ‘समोरासमोरच्या धडकेत चूक दोघांची असतेच, ५ लाख घ्या नि सही करा.’ टेम्पोचे खर्च जाता महिना २० हजार सुटायचे. घरात सासूबाई आणि दोन मुलं आहेत. चार महिने होऊन गेले. काय करू?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : ताई, सही करू नका. हे ५ लाख कोणी उपकार म्हणून देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे मृत्यू झाला की चूक कोणाची हे न बघता एवढी रक्कम द्यावीच लागते. पण कलम १४९ च्या तडजोडीत ती तुम्ही स्वीकारलीत की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा दावा तिथेच संपतो. हे त्या माणसाने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

पूर्ण भरपाई म्हणजे किती? सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांतलं गणित असं : २० हजारांत भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, २८ हजार. घरात अवलंबून चौघं, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. अडतिसाव्या वर्षाला गुणक (वयानुसार किती वर्षांची रक्कम धरायची तो आकडा) १५, म्हणजे ३७ लाख ८० हजार. अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी. उद्या न्यायालयाने निम्मी चूक मिस्टरांची धरली तरी जवळपास १९ लाख होतात. सगळीच चूक त्यांची ठरली तर मात्र दावा फेटाळला जाऊ शकतो, म्हणून खरी लढाई चुकीवरच आहे.

त्या रात्री बोलायच्या स्थितीत कंटेनरवाला एकटाच होता, म्हणून फिर्याद त्याची. आरोपी मयत असल्याने तो खटला चालणारच नाही, त्यामुळे तिथे त्याची उलटतपासणीही होणार नाही. दाव्यात ती होते, आणि तिथे संशयातीत पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच पाहतात. अपघातानंतर गाड्या जिथे थांबल्या तेवढ्यावरून चूक ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये समोरासमोरच्या धडकेच्याच प्रकरणात म्हटलं आहे. म्हणून पंचनाम्याचा नकाशा नीट बघा : काचांचा खच कोणत्या बाजूला, टायर घासल्याच्या खुणा कुठून सुरू होतात, डायव्हर्जनचा फलक, रिफ्लेक्टर होते की नाही. गावातल्या कोणी मोबाईलवर फोटो काढले असतील तर आजच मागून घ्या. कंटेनरचं जीपीएस रेकॉर्ड मागवायला वकिलांना सांगा.

सगळ्यात मोठा साक्षीदार तुमच्या घरातच आहे. दीर इस्पितळात होते म्हणून त्यांचा जबाब राहिला असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे जा. दिरांनी स्वतःचाही दावा करावा. ते गाडी चालवत नव्हते, त्यामुळे चूक दोघा चालकांची निघाली तरी ते पूर्ण भरपाई एकट्या कंटेनरच्या विमा कंपनीकडून मागू शकतात.

टेम्पोची पॉलिसीही काढून बघा. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला असेल तर ते १५ लाख वेगळे.

दाव्याला कायद्याने मुदत सहा महिन्यांची आहे, तुमच्याकडे दोनही पुरते नाहीत. दावा रत्नागिरीच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येईल. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, बँकेचं पासबुक आणि वाशीच्या दलालाच्या मागच्या दोन-तीन हंगामांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) घेऊन जा. आयकराचे कागद नसले तर मिळकत दाखवायला त्या पट्ट्याच उपयोगी पडतात.