लिओनार्डोवर खरंच खुनाचा आरोप होता का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोथरूडला राहतो, लेक नववीत आहे आणि यंदा इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा देतीये. लिओनार्डो दा विंचीवरची २०२१ची सीरियल आम्ही दोघांनी मिळून बघितली, एडन टर्नरने काम केलंय ती. त्यात पहिल्याच भागात त्याला कॅटरिना नावाच्या मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली पकडलेलं दाखवलंय, आणि आता लेक सगळ्यांना तेच सांगत सुटलीये. हे खरंय का?

उत्तर : नाही हो, तो खटला सीरियलवाल्यांनी रचलाय. लिओनार्डोवर आरोप झाला होता तो वेगळाच, १४७६ साली फ्लॉरेन्समध्ये, समलिंगी संबंधांचा, तेव्हा तो साधारण २४चा होता. कुणीतरी निनावी चिठ्ठी टाकली, आणखी काही तरुणांची नावं त्यात होती, आणि पुढे कुणी साक्ष द्यायलाच आलं नाही म्हणून प्रकरण मिटलं. नववीतली मुलगी आहे, तिला हे नीट सांगितलंत तर कळेल.

पण मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. खुनाची गरजच नव्हती हो, त्या माणसाच्या आयुष्यात एक भिंत आहे ना, तिच्यातच केवढं नाट्य आहे. मिलानमधल्या मठाच्या जेवणघरातली, जिच्यावर 'द लास्ट सपर' हे येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र आहे, साधारण ४.६ मीटर उंच आणि ८.८ मीटर रुंद. तेव्हाची रीत अशी की चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावायचा, म्हणजे तो आत मुरतो आणि पक्का बसतो, पण मग त्या दिवसाचा तुकडा त्याच दिवशी संपवावा लागतो, नंतर मनासारखं बदलता येत नाही. आणि लिओनार्डोला तर बदलायचंच असायचं! मठात मात्तेओ बांदेल्लो नावाचा मुलगा होता, पुढे कथाकार झाला तो, त्याने हे डोळ्यांनी बघून लिहून ठेवलंय, की लिओनार्डो कधी पहाटे परांचीवर चढायचा आणि अंधार पडेपर्यंत खाणंपिणं विसरून रंगवत बसायचा, मग तीन-चार दिवस ब्रशला हात नाही, नुसता तासदोन तास चित्रासमोर उभा, आणि कधी भर दुपारी तरातरा यायचा, एखाददुसरा हात मारायचा आणि निघून जायचा.

असं काम ओल्या गिलाव्यावर होणारच नाही, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं. माझं लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं, मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल यायची आणि डिस्टेंपरचे पोपडे सुटायचे, नखाने उचलला की अख्खा तुकडा हातात. तसंच झालं तिथे. चित्र १४९८च्या सुमाराला पूर्ण झालं आणि त्याच्या हयातीतच रंग सुटायला लागला. पुढे १६५२ साली भिक्षूंनी त्याच भिंतीत दार पाडलं, त्यात येशूचे पाय गेले. शेवटची मोठी दुरुस्ती १९७८ ते १९९९ चालली, तीनेक वर्षांत काढलेलं चित्र सांभाळायला २१ वर्षं! लेकीला सीरियल बघू दिलीत ते चांगलंच केलंत, आता चित्राचा मोठा फोटो उघडून टेबलाखाली ते बुजवलेलं दार शोधायला सांगा.

प्रश्न : लिओनार्डोने फ्रान्सच्या राजाच्या मांडीवर प्राण सोडला असं लहानपणी वाचलं होतं. खरंय का? (सदाशिव पेठ)

उत्तर : ही व्हासारीने, म्हणजे चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या इटालियन चित्रकाराने, लिहिलेली गोष्ट. लिओनार्डो २ मे १५१९ला फ्रान्समधल्या आंब्वाजजवळ वारला तेव्हा व्हासारी आठेक वर्षांचा, पुस्तक आलं १५५०मध्ये. राजा त्या वेळी तिथे नव्हताच असं बहुतेक अभ्यासक मानतात. इटलीच्या सरकारी टीव्हीने १९७१ला रेनातो कास्तेल्लानीची पाच भागांची मालिका दाखवली होती, ती मिळाली तर जरूर बघा. ती याच प्रसंगापासून सुरू होते, राजाच्या हातात लिओनार्डो प्राण सोडतो, आणि मग आजच्या कपड्यांतला एक निवेदक येऊन सांगतो की हे असं झालेलं नाही. पुढेही तो मधूनमधून प्रसंगात शिरतो आणि कशाला पुरावा आहे, कशाला नाही ते सांगतो. मला हा मार्ग फार आवडला, बघणाऱ्याला नाटकही मिळतं आणि त्याची फसवणूकही होत नाही.